ढगोबा

ढगोबांच्या काखेत लॅपटॉप आहे की वर्तमानपत्राची घडी, हे लांबून कळत नाही. जवळ आले की ते स्वतःच सांगतात.

"हातात घेऊन बघा. किती असेल?"

"दोन किलो?" आपण मुद्दाम म्हणायचं.

"सव्वा! फक्त सव्वा!" आणि लॅपटॉप आपल्या हातातून परत काखेत जातो. भाजीवालीकडे मेथी घेतानाही हा प्रयोग होतो. तिने एकदा सरळ काट्यावर ठेवून बघितला आणि "एक किलो दोनशे" असा निवाडा दिला. पन्नास ग्रॅम वाचल्याचा आनंद ढगोबांना आठवडाभर पुरला.

बँकेतून व्हीआरएस घेतल्यावर लेकीने त्यांना क्रोमबुक आणून दिलं. तेव्हापासून काहीही कुठे आहे असं विचारलं, की ते "क्लाउडवर" म्हणत वर बोट दाखवू लागले. बाकी बारसं सोसायटीतल्या पोरांनी उरकलं.

त्यांचं तत्त्वज्ञान साधं आहे. "जन्मभर लोकांचं सांभाळलं. आता स्वतःजवळ काही ठेवायचं नाही." त्यांच्या लॅपटॉपमध्ये जागा 32 जीबी. आमच्या भाच्याच्या फोनमध्ये याच्या चौपट आहे, पण ढगोबांना ही 32 सुद्धा अंमळ जास्तच वाटते. फोटो वर, पत्रं वर, हिशेब वर, वहिनींच्या उकडीच्या मोदकांचं प्रमाणही वर. झाकण उघडलं की ते मोठ्याने मोजतात, "एक, दोन, तीन..." आठाला लॉगिनचा चौकोन आलाच पाहिजे. येतोही, कारण मोजण्याचा वेग पडद्याकडे बघून ठरतो.

यंत्राची कुळकथा त्यांना तोंडपाठ आहे. जुलै 2009 मध्ये गुगलने क्रोम ओएसची घोषणा केली. डिसेंबर 2010 मध्ये सीआर-48 नावाचा नमुना निवडक लोकांना वापरायला दिला. काळाकुळकुळीत, अंगावर कंपनीचं नावसुद्धा नाही. "नाव नाही, गाव नाही, याला म्हणतात वैराग्य!" मग जून 2011 मध्ये सॅमसंग आणि एसरची पहिली क्रोमबुकं बाजारात आली. या सगळ्यात पुढे होते ते सुंदर पिचाई. ढगोबा त्यांना नुसतं "आपला सुंदर" म्हणतात. चेन्नईत वाढलेला माणूस कोथरूडमध्ये इतका घरचा झालेला मी दुसरा पाहिला नाही. आपल्या सुंदरच्या लोकांनी कॅप्स लॉक काढून त्या जागी शोधाची कळ बसवली, यावर ढगोबांचं भाष्य ठरलेलं आहे. "ओरडणं बंद, शोधणं सुरू." हे वाक्य ते इतक्या मोठ्याने म्हणतात, की तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं भुंकतं.

सप्टेंबर 2023 मध्ये गुगलने क्रोमबुकांना दहा वर्षं आपोआप अपडेट द्यायचं जाहीर केलं, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. ही दहा वर्षं आपण दुकानातून आणल्या दिवसापासून नव्हे, तर ते मॉडेल ज्या पायावर उभं आहे तो बाजारात आल्यापासून मोजतात, हे त्यांना पेढे वाटून झाल्यावर कळलं. हिशेब करून शेवटची तारीख काढली आणि कालनिर्णयच्या मागच्या पानावर गॅस सिलिंडरच्या नोंदीखाली लिहून ठेवली.

आता एवढा हलका संसार चालतो कसा, हे शेजारी राहिल्याशिवाय कळत नाही. ओझं नाहीसं होत नसतं, ते फक्त खांदा बदलतं. ढगोबांनी जे जे खाली ठेवलं, ते ते कोणीतरी उचललेलं आहे. ते सोसायटीचे खजिनदार, पण छपाई कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे. तो त्यांची पीडीएफ स्वतःच्या व्हॉट्सॲपवर मागवून घेतो, आणि त्याच्या फोनमध्ये आता सोसायटीचं निम्मं दप्तर आहे. वाय-फाय गेलं की हॉटस्पॉट माझा. ".exe" नावाची फाइल आली तर ढगोबांना आनंदच होतो, कारण ती त्यांच्याकडे चालत नाही. "विंडोजच्या व्हायरसला आमच्याकडे बिऱ्हाड मिळत नाही!" त्याच न्यायाने ऑडिटरच्या टॅलीलाही मिळत नाही. मग ते बिऱ्हाड पेन ड्राइव्हवर बसून माझ्याकडे येतं. जुन्या सेक्रेटरींनी श्रीलिपीत केलेल्या नोटिसा त्यांच्या पडद्यावर डॉलरची चिन्हं, टोप्या आणि विस्कटलेली इंग्रजी अक्षरं होऊन उतरतात. त्याही माझ्याकडे येतात. कारण तो फॉन्ट माझ्या जुन्या संगणकात आहे, आणि माझा संगणक हलका नाही.

एकदा डेक्कन क्वीनने आम्ही बरोबर मुंबईला निघालो. ऐन आषाढ. लोणावळा सोडून गाडी घाटात उतरायला लागली तशी ढगोबांनी भाषणाची फाइल काढली. पहिल्या बोगद्यात नेटवर्क गेलं. फाइल ऑफलाइन ठेवायची सोय असते, पण ती आधी चालू करावी लागते, आणि आधी काही करून ठेवणं हे त्यांच्या वैराग्यात बसत नाही. खिडकीबाहेर सगळी दरी ढगांनी भरली होती, थोडे तर डब्यातही आले. ढगोबा त्या ढगांकडे आणि पडद्यावर गरगरणाऱ्या वर्तुळाकडे आळीपाळीने बघत होते. समोरच्या आजींनी विचारलं, "काय हरवलंय का हो?"

"हरवलं नाही, वर आहे."

आजींनी हात जोडले.

दिवाळीच्या सफाईत मात्र त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. वहिनी माळ्यावरचे डबे उतरवत असताना हे सोफ्यावर बसून 'पॉवरवॉश' करतात. म्हणजे यंत्रातलं होतं नव्हतं ते पुसायचं, पुन्हा लॉगिन व्हायचं, की सगळं होतं तिथे हजर. काही मिनिटांत काम संपतं.

"झाली बरं का माझी सफाई," त्यांनी जाहीर केलं.

"झाली ना? मग आता या स्टुलावर चढा," वहिनी वरून म्हणाल्या. "पंख्याची पाती ढगातून पुसता येत नाहीत."

नोटिसा ते टाइप करत नाहीत, बोलतात. गुगल डॉक्सला मराठी ऐकून लिहिता येतं, हे कळल्यापासून गॅलरीत उभं राहून हुकूम सुटतात. एका रविवारी लिफ्टशेजारी नोटीस लागली. "सर्व सभासदांनी थकबाकी तातडीने भरावी अर्धा लिटर म्हशीचं आणि काल फाटलं होतं अन्यथा व्याज आकारण्यात येईल." खाली खजिनदार म्हणून त्यांची सही. त्या महिन्यात वसुली नेहमीपेक्षा चांगली झाली, कारण नोटीस पहिल्यांदाच सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचली.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या कीबोर्डवर चहा सांडला. यंत्र बंद. मी धीर द्यायला गेलो तर हे हसत बाहेर. "कशाला वाईट वाटून घेता? माझं त्यात होतंच काय?" मग आमच्याकडे येऊन माझ्या संगणकावर क्रोम उघडलं, पासवर्ड दिला. पत्रं, फोटो, हिशेब, अर्धवट राहिलेलं बुद्धिबळ, सगळं जसंच्या तसं. एक ओळ कमी नाही. हे मानायलाच हवं. माझ्या संगणकावर चहा सांडला असता तर मी सुतकात बसलो असतो. लॅपटॉप दुरुस्त होऊन येईपर्यंत ढगोबा आमच्या टेबलाशी बसून, आमचाच चहा पीत, स्वतःजवळ काही न ठेवण्याचे फायदे मला समजावत होते.

सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ती नेहमीप्रमाणे शेवटच्या रविवारी झाली. चेअरमन त्या दिवशी ढगोबांवर घसरायचं ठरवूनच आले होते. रंगकामाचा आकडा सभासदांना खुपत होता आणि तो कोणाच्या तरी गळ्यात पडायला हवा होता.

"सोसायटीचे हिशेब आहेत कुठे?" त्यांनी आवाज चढवला.

ढगोबांनी सवयीने वर बोट दाखवलं. पहिल्या रांगेतल्या अप्पांनी पंख्याकडे पाहिलं. "म्हणजे वर गेल्यावरच बघायचे का?"

हशा ओसरेपर्यंत ढगोबांनी माझा हॉटस्पॉट जोडला आणि हिशेबाचा तक्ता क्लबरूमच्या टीव्हीवर आणला. रंगकामासमोर चार लाख साठ हजार.

"हा आकडा खजिनदारांनी कुठून आणला, तेवढं सांगा," चेअरमन म्हणाले.

ढगोबा काही बोलले नाहीत. त्यांनी त्या चौकोनावर बाण नेला, टचपॅडवर दोन बोटं टेकवली आणि आलेल्या यादीतून त्या चौकोनाचा बदलांचा इतिहास उघडला. असा सामाईक तक्ता कोणी, कधी, काय बदललं ते सगळं मुकाट्याने लिहून ठेवतो. टीव्हीवर अक्षरं ठसठशीत दिसत होती. आधीचा आकडा तीन लाख ऐंशी हजार. बदलाची वेळ रात्री 11 वाजून 40 मिनिटं. बदलणाऱ्याचं नाव चेअरमनचं.

टीव्हीचा आवाज बंद होता, तरी कोणीतरी रिमोट शोधू लागलं.

"मीच तर तुम्हाला बदल करायची परवानगी दिली होती," ढगोबा निरागसपणे म्हणाले. "आपण स्वतःजवळ काही ठेवत नाही."

चेअरमननी घाम पुसला. "मी काय म्हणतो, पुढच्या वर्षीपासून साधं रजिस्टरच घालू या. हे ढगबिग आपल्याला पेलायचं नाही."

सव्वा किलोचा लॅपटॉप एखाद्याला इतका जड गेलेला मी पहिल्यांदाच पाहिला.