बंद-करून-टाक काका

‘कॉम्प्युटर फार स्लो झालाय हो,’ असं लिफ्टमध्ये नुसतं पुटपुटलात तरी संध्याकाळी काका दारात हजर. चष्मा कपाळावर, खिशात पेनड्राइव्ह. चहा ‘अर्धाच’ सांगतात, कपभर पितात आणि तुम्हाला तुमच्याच खुर्चीवरून उठवतात.

निदान ठरलेलं. “इंडेक्सिंग! हे चालू ठेवायला सांगितलं कुणी?” कुणी म्हणजे मायक्रोसॉफ्टने. 2007 साली विंडोज व्हिस्टा बाजारात आली, तेव्हापासून ते आपोआप चालूच असतं. पण काकांपुढे मायक्रोसॉफ्टची काय टाप! टास्क मॅनेजरमधल्या ‘सर्च इंडेक्सर’कडे ते असं बोट रोखतात, जणू जिन्यात पकडलेला भुरटा चोरच. तो बिचारा फायलींची नावं आणि आतला मजकूर वाचून यादी करत असतो, तुम्ही शोधाल तेव्हा चटकन सापडावं म्हणून. तुम्ही कामाला लागलात की हात आखडताही घेतो. हे मी एकदा सांगून बघितलं. “तू आर्ट्सचा ना?” काका म्हणाले. विषय संपला.

मग एका बोटाने, प्रत्येक अक्षर मोठ्याने उच्चारत, ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’. विंडोज सर्च, स्टॉप, डिसेबल्ड. शिवाय सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधला इंडेक्सिंगचा टिकमार्कही काढायचा. त्यासाठी विंडोज एकूण एक फायलीवरून फिरतं, मधेच परवानगी नाही म्हणून अडतं, आणि तेवढ्यात दुसरा ‘अर्धा’ होतो. शेवटी रीस्टार्ट. “बघ, पळतोय की नाही!” रीस्टार्ट केल्यावर कुठलाही कॉम्प्युटर थोडा वेळ पळतोच, पण हे बोलायचं कुणी?

आठवड्याने वहिनींना भाडेकरार हवा असतो. नाव टाइप करतात, आणि वरची हिरवी पट्टी रेंगाळत सरकू लागते. यादीच नाही म्हटल्यावर विंडोज फोल्डरमागून फोल्डर धुंडाळतंय. वहिनी काकांना फोन लावतात. “सर्च स्लो? मग रॅम वाढवा.”

काका अगदीच चूक नाहीत. जुनी फिरती हार्डडिस्क आणि फायलींचा डोंगर असेल तर इंडेक्सिंगचा भार जाणवतो. पण म्हणून अख्खी सर्व्हिस बंद कशाला? कंट्रोल पॅनलमध्ये ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ उघडा, ‘मॉडिफाय’ दाबा आणि ज्या फोल्डरांत तुम्ही कधी काही शोधत नाही, तेवढ्यांचेच टिकमार्क काढा. ऐपत असेल तर हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवा, खरा फरक तिनेच पडतो. आणि हे सगळं काकांच्या कानावर जायच्या आत उरका.