मालिकेच्या अंतिम भागास अनावृत पत्र

प्रति,
माननीय अंतिम भाग,
सर्व मराठी वाहिन्या, संध्याकाळ ते उशिरापर्यंत.

विषय : आगमनास होणाऱ्या विलंबाबद्दल अभिनंदन.

महोदय,

मराठी दैनंदिन मालिका बंद होते ती बहुधा कथा संपल्यामुळे नव्हे, तिची अर्ध्या तासाची वेळ दुसऱ्या मालिकेला हवी असते म्हणून. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’ संस्थेचे आकडे येतात. टीआरपी चढता असेल तर माननीयांची गरज भासत नाही. तो घसरला की आधी वेळ बदलते, मग घाईघाईने माननीयांना बोलावणे जाते. त्या आठवड्यात कामे पटापट उरकतात : खलनायिकेला एका प्रसंगात पश्चात्ताप होतो, कोमातला माणूस शुद्धीवर येतो आणि शेवटी सगळ्या कुटुंबाचा फोटो निघतो. दूरदर्शनच्या काळी १३ भागांची मंजुरी मिळे, त्यामुळे लेखकाला पहिला भाग लिहितानाच तेरावा दिसत असे. ही गैरसोय आता राहिलेली नाही. २००१ मध्ये सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ २०१३ च्या जानेवारीपर्यंत चालली आणि तिचे ३,००० हून अधिक भाग झाले.

विलंबाचा दोष एकट्या वाहिनीला देणे अन्यायाचे ठरेल. ‘होणार सून मी ह्या घरची’मधले नायिका जान्हवीचे गरोदरपण लांबत गेले तेव्हा महाराष्ट्रभर विनोद फिरले, विनोद करणारे मालिकेच्या वेळेला मात्र टीव्हीसमोरच होते.

रिमेकमध्ये माननीयांची स्थिती अधिक नाजूक असते, कारण मूळ कथा परभाषेत आधीच पुढे गेलेली असते. ‘रंग माझा वेगळा’ मल्याळममधून आली, ‘ठरलं तर मग’ तमिळमधून, ‘पारू’ तेलुगूतून, ‘लक्ष्मी निवास’ कन्नडमधून. ‘आई कुठे काय करते’ ही हिंदी ‘अनुपमा’ची नक्कल, असे अजूनही ठासून सांगितले जाते. वास्तविक दोघींचे माहेर बंगाली ‘श्रीमयी’, आणि मराठी मालिका डिसेंबर २०१९ मध्ये, म्हणजे हिंदीच्या आधी सुरू झाली. ‘श्रीमयी’ २०२१ मध्ये संपली; मराठीतली नायिका अरुंधती २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत सोसत राहिली. मूळ मालिकेचा शेवट हाताशी असूनही तो वापरायचा मोह आवरणे, याला शिस्त लागते. उलट ‘तुला पाहते रे’ने वर्षाच्या आतच माननीयांना गाठले, २०१९ च्या जुलैत. तो उतावळेपणा तिच्या कन्नड अवताराने, ‘जोते जोतेयली’ने, तीन वर्षांहून अधिक काळ चालून भरून काढला.

मृत्यूने तरी मालिका संपावी, अशी भाबडी समजूत होती. ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’मध्ये गौरी आणि जयदीप यांचा पुनर्जन्म झाला, आणि नायक-नायिका मेल्याने चालत्या मालिकेचे काही बिघडत नाही हे सिद्ध झाले.

या साऱ्यात एक अपवाद नोंदवणे भाग आहे. ‘रात्रीस खेळ चाले’च्या २०१६ मधल्या पहिल्या पर्वाची सुरुवात अण्णा नाईकांच्या मृत्यूने झाली. रहस्य महिनोन्‌महिने ताणले गेले आणि अखेरचा उलगडा अनेकांना पटला नाही. २०१९ चे दुसरे पर्व मागे, अण्णांच्या हयातीत गेले. अण्णा मरणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक होते, म्हणून रहस्याचा आव आणण्याची सोय उरली नाही. अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता ही माणसे लिहावी लागली. मालवणी मुलखातला तो वाडा, त्यातली हाव आणि दहशत इथे घट्ट उभी राहिली. तीनही पर्वांत हेच सरस, कारण पहिल्या दिवसापासून त्याचा शेवट ठरलेला होता. २०२१ मध्ये तिसऱ्या पर्वात दोघे भुते होऊन परतले. भुताला मरणाची मुदत नसते, वाहिनीला आणखी काय हवे?

सबब विनंती की, पुढील मालिकेच्या पहिल्या कथाबैठकीस माननीयांनी जातीने हजर राहावे. बोलण्याची आवश्यकता नाही. समोर बसल्याचे लेखकांना दिसले तरी पुरे.

कळावे,
प्रेक्षकवर्ग

प्रत माहितीस्तव : महाएपिसोड, रविवार.