विषयांकित भाऊ

अकोल्याच्या जठारपेठेत 'भाऊ' अशी हाक मारली तर चार जण वळून पाहतात. वऱ्हाडात तसे सगळेच भाऊ. पण सकाळी साडेसातला कुणी हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन "भाऊ हायेत काय?" असं विचारत आला, की समजायचं, पिशवीत अर्ज आहे, अर्जाला आधार कार्डाची झेरॉक्स टाचलेली आहे, आणि हवे आहेत ते आमचे शेजारचे भाऊ. ज्यांच्यामार्फत आमदाराचं पत्र निघतं ते.

भाऊ स्वतः आमदार नाहीत. आमदाराचे पीएही नाहीत. कोणत्या पक्षाचे म्हणाल, तर त्यांच्या बैठकीत भिंतीवर फक्त गजानन महाराज आहेत, आणि महाराजांविषयी कोणत्याच पक्षाची तक्रार नाही. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, गाडीच्या डिक्कीत कोरे कागद आणि पिनांची डबी. आमदारांकडे माणसं असतात, पण त्यांना गर्दी आवरायची असते. पत्राचा मजकूर कोण लिहिणार? तो भाऊ लिहून नेतात. आमदारांचं काम फक्त सही करण्याचं उरतं, आणि ते त्यांना बरं वाटतं.

भाऊंचं मराठी दोन प्रकारचं आहे. बोलायचं वेगळं, पत्रातलं वेगळं. अंगणात उभे राहून "अरे पोट्ट्या, झेरॉक्स काहून एकच आणली बे?" म्हणणारा हा माणूस कागदावर पेन टेकवला रे टेकवला की "उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की" असा सुरू होतो. मग "विषयांकित प्रकरणी", मग "सोबत अर्जदाराचा मूळ अर्ज जोडला असून", आणि शेवटी ते अजरामर वाक्य: "नियमानुसार योग्य ती कार्यवाही करून केलेल्या कार्यवाहीचा अहवाल मला सादर करावा." एकदा मिसेसनी भाजी आणायला सांगितली, तर म्हणे यांनी पिशवीवर "तात्काळ" असा शेरा मारला. ही गोष्ट मी ऐकली आहे, पाहिलेली नाही. पण त्यात काही अशक्य वाटत नाही.

त्या 'नियमानुसार' शब्दावरून मी एकदा त्यांना छेडलं. म्हटलं, भाऊ, काम नियमात बसत असेल तर ते पत्राशिवाय व्हायला हवं. बसत नसेल तर 'नियमानुसार' म्हटल्यावर होणारच नाही. मग पत्र कायले?

भाऊंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मास्तर, तुमी शिकेल-सवरेल मानूस, पन तुमाले एवढं समजत नाई. नियमात बसते तेच काम त बसून रायते ना! पत्र हाय ते फाईल उठवाले. झोपेल मानसाले हलवा लागते. हलवतानी हळूच म्हना लागते का नियमानुसार उठ रे बाप्पा."

मी हायस्कुलात मराठी शिकवतो. 'नियमात बसणे' या वाक्प्रचाराचा दुसरा अर्थ मला त्या दिवशी कळला.

शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आमदाराचं काम कायदे करणं असं दिलेलं आहे. पोरं ते पाठ करतात आणि घरी आईनं पाण्याचा टँकर आमदाराला मागितलेला पाहतात. अधिवेशनात तारांकित प्रश्न असतात, लक्षवेधी असतात, औचित्याचे मुद्दे असतात, डिसेंबरात नागपूरला थंडी आणि मोर्चे असतात. पण ते सगळं वर्षातले थोडे आठवडे. उरलेल्या आठवड्यांत आमदार काय करतो, हे भाऊंच्या डायरीत असतं. लग्नसराईत एका पानावर अकरा लग्नं, एक भूमिपूजन, तीन तेरव्या. श्रावणात शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला कावड येते, तिथं कोणत्या पालखीला खांदा द्यायचा याचं वेगळं पान. "आमदार सभागृहात बोलला नाई, चालते," भाऊ म्हणतात. "तेरवीले नाई आला, त घर गेलं. आन घर म्हंजे सात मतं."

निधीविषयी त्यांचा हिशेब पक्का आहे. २०२२ पासून आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी मिळतात. आकडा ऐकून माणूस डोळे विस्फारतो. भाऊ शांतपणे भागाकार करतात. तीन लाखांवर मतदार, म्हणजे डोईमागं साधारण दीडशे रुपये. "या डाळमिलच्या गावात दीडशात तुरीची डाळ किती येते ते पाह्यजा, आन त्यात रस्ता, नाली, सभामंडप, व्यायामशाळा बसवून दाखवजा." असं ते समोरच्याला सांगतात आणि लगेच त्याच्याकडून सभामंडपाचाच अर्ज लिहून घेतात.

सगळ्यात जास्त कागद असतात निराधार योजनेचे. महिन्याला १,५०० रुपये. त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. तो काढायला बाईची चार दिवसांची मजुरी बुडते, त्यामुळे उत्पन्न आपोआपच थोडं खाली येतं. गल्लीतल्या एका म्हातारीला भाऊंनी पत्र काढून दिलं. पुढं उत्तर आलं, की "आपले पत्र पुढील कार्यवाहीस्तव संबंधितांकडे वर्ग करण्यात आले आहे." त्याची एक प्रत म्हातारीच्या नावानं, "माहितीस्तव". तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली. उभ्या आयुष्यात सरकारनं तिचं नाव टाईप केलेलं तिनं पहिल्यांदा पाहिलं होतं. पैसे सुरू झाले ते बऱ्याच महिन्यांनी, आणि ते पत्रामुळे की वेळ भरल्यामुळे, हे सांगता येत नाही. म्हातारी श्रेय देवाला देते, भाऊ 'वर्ग'ला.

अशा माणसावर संकट यावं ते कसं? आमदारच नसावा!

गोवर्धन शर्मा, म्हणजे सगळ्या अकोल्याचे लालाजी, १९९५ पासून सलग सहा वेळा निवडून आलेले. ३ नोव्हेंबर २०२३ ला ते गेले. अकोला पश्चिमची जागा रिकामी झाली. लोकसभेबरोबर २६ एप्रिल २०२४ ला पोटनिवडणूक जाहीर झाली, भाऊंनी नवी डायरी आणली, आणि मार्चच्या शेवटी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं ती निवडणूकच रद्द केली. निवडून येणाऱ्याला वर्षभराचाही कार्यकाळ मिळणार नव्हता, आणि तसं असेल तर कायद्यानं पोटनिवडणुकीची गरज नाही. बरं, नगरसेवकाला धरावं म्हटलं, तर महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चलाच संपलेली, तिथं प्रशासक. म्हणजे ज्याच्याकडे तक्रार करावी तोही नाही आणि ज्याच्याबद्दल करावी तोही नाही.

चार दिवस भाऊ ओसरीवर नुसते बसून होते. पाचव्या दिवशी माझ्याकडे आले ते विधान परिषद शोधून काढूनच.

"मास्तर, तुमी बी.ए. ना?"

"एम.ए."

"मंग पदवीधर आमदार तुमचा. आन शिकवता, म्हनून शिक्षक आमदारबी तुमचाच. तुमाले दोन-दोन आमदार हायेत, आन बसले कसे तुमी मुक्यासारखे!"

त्या वर्षी जठारपेठेत अर्जाबरोबर डिग्रीची झेरॉक्स लागू लागली. कायद्यानं कुणी मागितली नव्हती, भाऊंनी मागितली. ज्याच्या घरात पदवीधर त्याच्या नालीला पदवीधर आमदाराचं पत्र. नाली पोराच्या नावे, पोरगा बी.कॉम. ज्यांच्या घरात नाही, त्यांच्या अर्जावर भाऊ शेजारच्या पदवीधराची सही घेत. माझ्या सहीनं त्या काळात दोन हातपंप, एक डीपी आणि एका म्हशीच्या नुकसानभरपाईची मागणी झाली. भाजीवाल्या मावशी एकदा ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे शिकेल मानसाले तीन आमदार, आन मले एकच, थोबी मेला?" भाऊंकडे उत्तर नव्हतं. त्यांनी मावशींचा अर्ज माझ्यासमोर सरकवला.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेसाठी मतदान झालं, २३ ला निकाल. साजिद खान पठाण १,२८३ मतांनी निवडून आले. भाऊंनी त्या फरकाला सातानं भागलं आणि "एकशे त्र्यांशी घरं" एवढंच म्हणाले. २४ तारखेला सकाळी साडेसातला ओसरीवर परत प्लास्टिकच्या पिशव्या. मतं कुणी कुणाला दिली, हा विषय भाऊ काढत नाहीत. विषय तो पत्राच्या माथ्यावर असतो तेवढाच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनं परिपत्रक काढलं. आमदार-खासदार कार्यालयात आले तर अधिकाऱ्यांनी उठून उभं राहावं, नम्रपणे बोलावं, त्यांच्या पत्रांची वेगळी नोंदवही ठेवावी, दोन महिन्यांत उत्तर द्यावं. मला वाटलं, भाऊ पेढे वाटतील. त्यांनी ते दोनदा वाचलं. "उभं रायाचं लिवलं, पन मंग खाली बसून काम कराचं कोनत्या कलमात हाय?" तरी नोंदवहीचं कलम त्यांनी लाल पेनानं अधोरेखित केलं. आता ते आवक क्रमांकाशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. तेवढ्यासाठी खिशात तिसरं पेन आलं आहे.

पण भाऊ आठवले की मला आठवते ती त्या रिकाम्या वर्षातली मे महिन्यातली एसटी. अकोल्याहून अमरावतीला निघालो होतो. ऊन असं, की खिडकीच्या दांडीला हात लावला तर फोड यावा. गाडी खच्चून भरलेली. आमदारांसाठी राखीव म्हणून पाटी असते ना, त्या सीटवर भाऊ मांडीवर फाईल घेऊन ऐसपैस बसलेले. तरुण कंडक्टरनं पाटीकडे बोट दाखवलं.

"काका, हे सीट आमदाराचं हाय."

भाऊ जागचे हलले नाहीत. गमछ्यानं मान पुसत म्हणाले, "हायकोर्टाचा निकाल वाचला नाई काय बे? आमचं सीट नोव्हेंबरलोक रिकामंच ठेवाचं हाय. तिकीट फाड."