सिग्निफिकंट करून मिळेल

दारावर पाटी लावू नये. न लावताही लोक येतातच. राहुरीला १९६८ साली कृषी विद्यापीठ झालं, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात (कागदोपत्री अहिल्यानगर, स्टँडवर अजून 'नगर, नगर, नगर!') एम.एस्सी. ॲग्रीच्या पोरांचं पीक दरसाल येतं, आणि त्या प्रत्येकाच्या वाटेत स्टॅट आडवं पडलेलं असतं. आपण स्वतः पीएच.डी.त अडकलेलो असताना सांख्यिकीच्या प्रॅक्टिकलला सरांच्या हाताखाली एकदा उभं राहिलो, की जन्माचे 'दादा' होतो. मुलगी असेल तर 'ताई'. मानधनाचं विचारू नये.

साहित्य फार लागत नाही. कॅल्क्युलेटर, लाल पेन आणि पानसे-सुखात्मे. हे पुस्तक १९५४चं. दर बॅचला एकजण तरी पानसे हे नाव आणि सुखात्मे हे आडनाव धरून चालतो. त्याला सांगावं, की माणसं दोन होती, त्यातले सुखात्मे साताऱ्याकडच्या बुध गावचे. तो वहीत उतरवून घेतो. वहीत उतरणारी वर्षातली ही बहुधा एकमेव गोष्ट.

रँडमायझेशन शिकवताना फळ्यावर वेळ घालवू नये, थेट प्लॉटवर जावं. आठ ट्रीटमेंट, तीन रिप्लिकेशन, चोवीस वाफे. आपल्या शिष्याने तिन्ही ओळींत एक ते आठ ट्रीटमेंट त्याच क्रमाने लावलेल्या असतात, कारण 'लक्षात ठेवायला सोपं जातं, दादा'. एक नंबर दर वेळी पाटाला चिकटून, आठ नंबर दर वेळी बांधाकडच्या मुरमाड कोपऱ्यात. मग बारं देणाऱ्या मामांना विचारावं, कुठला कांदा चांगला येईल? मामा खोऱ्यावर हात टेकून सांगतात, "पाटाकडचा. खत कोन्तं बी टाका." संख्याशास्त्रातल्या फिशरसाहेबांना हेच सांगायला आख्खं पुस्तक लिहावं लागलं.

याच फिशरांनी १९३८ साली कलकत्त्याच्या भाषणात म्हटलं होतं, की प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे पोस्टमॉर्टेम करून मागण्यासारखं आहे. आपल्याकडचे नातेवाईक मयताला जिवंत करून मागतात. "दादा, तेवढं सिग्निफिकंट करून द्या ना." आपण सांगायचं, पाच टक्क्यांच्या पातळीवर फरक निघत नाही. यावर थोडा वेळ शांतता. मग, हळूच: "मग एक टक्क्यावर बघा ना. एकच टक्का लागेल."

इथे हसू नये. पाच फुटांची उडी जमत नाही म्हणून दोरी सात फुटांवर बांधायला सांगतो आहेस, एवढंच म्हणावं आणि चहाला न्यावं. चहाचे पैसे आपणच देतो, हेही कामाच्या स्वरूपात धरावं.

एका बाबतीत मात्र कडक राहावं. शेतातल्या कांद्याच्या उत्पादनाचा सीव्ही (म्हणजे आकड्यांचा सरासरीभोवतीचा चढउतार) दहा-पंधरा टक्के आला तर माती, पाणी, करपा, सगळे आपापल्या जागी आहेत असं समजावं. दीड टक्का आला, तर तो कांदा होस्टेलच्या खोलीत, रात्री दोनच्या सुमारास पिकलेला आहे. ओरडू नये. फक्त फील्डबुक मागावं. खऱ्या फील्डबुकाला चिखल लागलेला असतो, दोन पानं चिकटलेली असतात, शाई कुठेतरी फुटलेली असते. कोरं करकरीत फील्डबुक पुढे आलं, की आपण नुसतं पान उलटत राहावं. बाकीचं तो स्वतःच सांगतो.

आणि जो चोवीसपैकी एक रकाना रिकामा ठेवून, मान खाली घालून येतो, त्याला पहिली खुर्ची द्यावी. गेल्या वर्षी असा एक आला. दुसऱ्या रिप्लिकेशनमधला पाच नंबरचा वाफा शेळीने खाल्ला होता. शेजारच्या दोन वाफ्यांची सरासरी भरायचा सल्ला त्याला मित्रांनी दिला होता, त्याने तो ऐकला नव्हता. त्याला येट्सचं १९३३चं सूत्र काढून दिलं. रिकाम्या जागेचा अंदाज बसवायचा, पण त्याची किंमत म्हणून एररच्या चौदा डिग्रीज ऑफ फ्रीडममधली एक सोडायची. टेबलातला टी २.१४५ चा २.१६० झाला. "म्हणजे शेळीने एवढंच खाल्लं?" त्याने विचारलं.

परवा जर्नल तपासत बसलो होतो, तर दारात नवीन बॅचमधली एक मुलगी. हातात चिखलाचं फील्डबुक, बोट एका रिकाम्या रकान्यावर.

"दादा, म्हैस."