निघालोच

त्याचं खरं नाव सांगून उपयोग नाही. आमच्या कंपूत गेली वीस वर्षं तो ‘निघालोच’ याच नावानं ओळखला जातो. फोन केव्हाही करा, हा निघालेला असतो. ‘निघतोय’ म्हणाला तर अजून अंथरुणात आहे, ‘निघालो’ म्हणाला तर दात घासतोय आणि ‘निघालोच’ म्हणाला की अंघोळीचं पाणी तापतंय. त्या शेवटच्या ‘च’वर इतका बोजा मराठीत दुसऱ्या कुणी टाकला नसेल.

राहतो डोंबिवलीला. मी मुलुंडचा. म्हणजे मध्य रेल्वे ही आम्हा दोघांची सामायिक इस्टेट, पण उत्पन्न एकटा तोच खातो. ओव्हरहेड वायर, सिग्नल, रुळावर आलेली म्हैस, कुर्ला-सायनमधलं पाणी. तीच गाडी पकडून मी वेळेवर पोचलेलो असलो तरी त्याची म्हैस मागे हटत नाही.

गेल्या पावसाळ्यात दादरला भेटायचं होतं. पाऊण तास वाट पाहून फोन लावला.

‘‘अरे, कुर्ल्याच्या पुढे अडकलोय. गाडी हलतच नाहीये.’’

एवढ्यात फोनमध्ये कुकरची शिट्टी झाली. खणखणीत, पूर्ण वाफेची. मग दुसरी.

‘‘गाडीत कुकर?’’ मी विचारलं.

क्षणभरच शांतता. सामान्य माणूस इथे कोसळला असता.

‘‘शेजारच्या काकांची रिंगटोन आहे रे. काय एकेक रिंगटोन ठेवतात लोक!’’ आणि मग फोन जरा बाजूला धरून, ‘‘काका, उचला ना फोन!’’

पलीकडून बायकोचा आवाज आला, ‘‘कोण काका?’’

तरीही तो डगमगला नाही. ‘‘लेडीज डब्यातून बोलतायत कुणीतरी,’’ म्हणाला. मी फोन ठेवला. रागावायला हवं होतं. पण त्या न दिसणाऱ्या काकांची मला दया यायला लागली होती.

पैशांचं वेगळं सांगायला नको. दोन हजार नेले त्याला तीन दिवाळ्या झाल्या. अधूनमधून ‘‘आले का बघ रे, मी कधीच पाठवलेत’’ असं तोच मला दरडावून विचारतो. मीही बँकेचं ॲप उघडून पाहतो, हा माझा मूर्खपणा.

पण खरी लॉटरी त्याला रेल्वेनंच लावून दिली. डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या फलाटांचे नंबर बदलले. पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्यचे पुढे आठपासून चौदापर्यंत झाले. जुना एक तो आठ, जुना तीन तो नऊ, जुना आठ तो थेट चौदा. दोन नंबर तर त्याआधीच रुंदीकरणात गेला होता. लोकांचा गोंधळ थांबावा म्हणून हे केलं होतं. निघालोचनं त्यातून वर्षभर पुरेल एवढा गोंधळ काढला. ‘‘मी आठवर तासभर उभा होतो, तू बहुतेक जुन्या आठवर गेलास,’’ हे तो इतक्या कळवळून सांगायचा की एकदा मी चक्क माफी मागितली. घरी आल्यावर आठवलं, भेटायचं ठरलं होतं शिवाजी मंदिरच्या पायऱ्यांवर. फलाटाचा संबंधच नव्हता.

शेवटी मीही एक युक्ती केली. रविवारचा चारचा प्रयोग होता, त्याला तीनचा सांगितला. तासभर उशीर गृहीत धरला की माणूस बरोबर वेळेवर येतो, असं साधं गणित. पावणेचारला मी आरामात पोचलो.

पायऱ्यांवर निघालोच उभा. इस्त्रीचा शर्ट, काखेत छत्री. तीनच्या ठोक्याला आला होता. वीस वर्षांत पहिल्यांदा.

‘‘पाऊण तास झाला,’’ तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

खरं सांगावं तर आधीचं खोटं बाहेर पडणार. तोंडातून निघून गेलं, ‘‘अरे, ते फलाटाचे नंबर... मी आठवर उतरलो आणि...’’

‘‘आठ म्हणजे जुना एक,’’ त्यानं मान तिरकी केली. ‘‘मग? उतरल्यावर पूल चढला की बाहेर. त्यात पाऊण तास कुठे जातो?’’

‘‘गर्दी होती.’’

‘‘रविवारी दुपारी?’’ एखाद्या बुवांनी शिकाऊ पोराची तान ऐकावी तसा चेहरा करून तो थांबला. ‘‘अरे, रविवार आहे. सरळ मेगाब्लॉक म्हणायचं. हाताशी असलेलं सोडून फलाटात कशाला शिरायचं? ते सगळ्यांना झेपत नाही.’’

मी गप्प. त्यानं माझ्या हातातलं तिकीट घेतलं. त्यावर छापलेली वेळ वाचली. एकदा माझ्याकडे पाहिलं, तिकिटाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. एक अक्षर बोलला नाही.

‘‘चल, पंधरा मिनिटं आहेत. एकेक बटाटावडा होईल,’’ म्हणाला. ‘‘पैसे तेवढे तू दे. माझं पाकीट आज काय झालं माहितेय...’’

तेवढ्यात पहिली घंटा झाली.