बायोसला कुलूप लावून निघून गेलेल्या साहेबांस

प्रति,
माननीय सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर साहेब किंवा मॅडम
(नाव, कंपनी व सध्याचा ठावठिकाणा अज्ञात)

विषय : विकलेल्या लॅपटॉपवरील आपला अंमल संपुष्टात आणण्याबाबत.



आपली माझी ओळख नाही. तरीही आपल्या कंपनीने निकाली काढलेल्या लॉटमधला एक लॅपटॉप मी दुकानातून रीतसर बिल घेऊन विकत घेतला, तेव्हापासून मी आपल्याच हुकमतीखाली नांदतो आहे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोज ११ टाकायला बसलो. त्याला टीपीएम २.० हे सुरक्षा मॉड्यूल लागतं. यंत्रात ते आहे, पण आपण बंद करून ठेवलेलं. सुरू करायला बायोसच्या सेटअपमध्ये शिरावं, तर दारात आपला सुपरवायझर पासवर्ड. तीनदा चुकलं की यंत्र तोंड फिरवतं. बंद करून पुन्हा आर्जव करायचं.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. ‘आतला सेल काढ, सगळं विसरेल,’ असं प्रत्येक जाणकाराने सांगितलं. त्यांचं चुकलं नाही, त्यांचा काळ चुकला. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून सेटिंग्ज बॅटरीवर जगणाऱ्या सीमॉस मेमरीत असत. डेस्कटॉपचा सेल काढला किंवा जम्पर हलवला, की पासवर्डही जाई. कंपन्यांसाठी बनलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मात्र हा पासवर्ड वीज गेली तरी न विसरणाऱ्या चिपमध्ये असतो. त्यामुळे सीआर२०३२ सेल काढल्यावर माझं यंत्र तारीख विसरलं, वार विसरलं, आपल्याला तेवढं विसरलं नाही. हार्डडिस्क बदलली तरी तेच. कारण बायोस, म्हणजे यंत्राचं फर्मवेअर, डिस्कच्या आधी जागं होतं.

आपला हेतू वाईट नव्हता, हे कबूल. ऑफिसच्या यंत्रात कुणी पेन ड्राइव्ह खुपसून भलतीच सिस्टिम चालवू नये, म्हणून हे कुलूप हवंच. पण ते माहिती राखत नाही, सेटिंग्ज राखतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल आणि चार स्क्रू काढून ती दुसऱ्या यंत्राला जोडली, तर आपल्या हिशेबाच्या फायली कुणीही वाचू शकतो. सेटअपमध्ये घड्याळाची वेळ बदलण्यासाठी मात्र आपली परवानगी!

मग सरळ मार्गाने जावं म्हटलं. पासवर्ड हरवला तर लेनोवोचं अधिकृत उत्तर मदरबोर्ड बदला, असं आहे. डेल मदत करते, पण मालकी सिद्ध करायला लावते. अ‍ॅपलही जुन्या इंटेल मॅकसाठी मूळ खरेदीची पावती मागते. मागणी रास्त आहे. न मागता उघडून दिलं तर चोरांचीच सोय होईल. पण मूळ पावती आपल्या अकाउंट्स खात्यात. माझ्याकडे दुकानदाराचं बिल, आणि त्याच्याकडच्या कागदावर शेकडो यंत्रांचा मिळून एकच शब्द : ‘जुने’.

लॅमिंग्टन रोडवर चिप काढून प्रोग्राम करून देणारे कारागीर आहेत. त्यांतल्या सज्जन माणसाने आधी बिल मागितलं, याचा मला आनंदच झाला. पण त्याच्या नजरेला नजर देताना जाणवलं, की चोराला अडवणारं हे कुलूप चोर आणि गिऱ्हाईक यांत भेद करत नाही. भेद करू शकणारे एकटे आपण होता. फ्लॅट विकून चाव्या द्याव्यात आणि मीटरच्या पेटीला मात्र आपलं कुलूप ठेवून परगावी जावं, तसं झालं हे.

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत जुनी यंत्रं दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांची नोंदणी आहे. म्हणजे यंत्राचं आयुष्य वाढावं, अशी सरकारचीही इच्छा. आपण मात्र धडधाकट मदरबोर्डाला एका शब्दापायी भंगाराची वाट दाखवलीत. तोही शब्द बहुधा कंपनीचं नाव आणि पुढे १२३ असाच असणार.

तेव्हा विनंती एवढीच. यंत्रं निकाली काढताना आपण ज्या फॉर्मवर ‘डेटा पुसला’ अशी खूण करता, त्याच्याखाली आणखी एक चौकोन आखा : ‘बायोस पासवर्ड काढला’. सेटअपमध्ये जुना पासवर्ड द्यायचा, नवा रिकामा सोडायचा, एंटर मारायचं. माहीत असलेल्याला हे मिनिटाचं काम आहे, आणि माहीत असलेल्या माणसाने नोकरी सोडण्याआधीच ते करून घ्यावं लागतं. लॉट टेम्पोत चढल्यावर ते कुणाच्याच हातात राहत नाही.

कळावे,

नाइलाजाने आपला आज्ञाधारक,
सदर लॅपटॉपचा कायदेशीर मालक

ता. क. : पासवर्ड आठवलाच तर मला कळवू नका. आपल्या जागी आलेल्या माणसाला सांगा; पुढचा लॉट त्याच्या हातून जायचा आहे.