निकष क्रमांक पाच

आमच्या तालुक्याच्या कॉलेजचा वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल तयार होत आला आहे आणि त्यात एक आनंदाची बातमी आहे. मागच्या वर्षी बी.ए., बी.कॉम. होऊन बाहेर पडलेल्यांपैकी बेकार एकही नाही. बेकार पारावर आहेत, घरोघरी आहेत, एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर तर सकाळी दहानंतर त्यांच्यामुळे बसायला बाकडं मिळत नाही. अहवालात मात्र एकही नाही, कारण नॅकच्या नमुन्यात बेकार लिहायला रकानाच नाही.

ज्यांच्या घरात प्राध्यापक नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, स्थापना १९९४, मुक्काम बंगळूर. ती कॉलेजला सात निकषांवर जोखते. पहिला अभ्यासक्रमाचा, दुसरा शिकवण्याचा, तिसरा संशोधनाचा, चौथा इमारतीचा. विद्यार्थी पाचवा. इमारतीच्या मागोमाग त्याचा नंबर लागतो यात गैर काही नाही. इमारत कायम असते, पोरगं तीन वर्षांनी जातं. या पाचव्या निकषात ५.२.१ ला किती जण नोकरीला लागले, ५.२.२ ला किती जण पुढे शिकायला गेले आणि ५.२.३ ला किती जण स्पर्धा परीक्षा पास झाले, पोराच्या पुढच्या वाटचालीबद्दल एवढंच विचारतात. यशोगाथेचा मजकूर 'जरा वजनदार मराठीत' लिहून द्यायला आम्हाला बोलावलं होतं, म्हणून ही कागदपत्रं आमच्या नजरेखालून गेली.

प्लेसमेंट सेलचे प्रमुख भेटले. भला माणूस. सेट झालेला, पीएच.डी. झालेला, आणि आठ वर्षं तासिका तत्त्वावर. इतरांच्या नोकरीची नोंद ठेवायचं काम कॉलेजने त्यांच्यावर सोपवलंय आणि त्यांचं स्वतःचं मानधन दिवाळीला मिळेल की होळीला, याची नोंद कुणाकडेच नाही. त्यांच्या शेजारी कॉम्प्युटरवर एक पोरगा यादी भरत बसला होता. 'हा आपलाच विद्यार्थी,' सर कौतुकाने म्हणाले, 'मागच्याच वर्षी पास झाला. यादीत सत्तावीस नंबरला आहे.'

पोरगा मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आलेला. ही योजना २०२४ ची. बारावीवाल्याला महिन्याला ६ हजार, आयटीआय नि पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार. मुदत आधी सहा महिन्यांची होती, मग अकरा झाली. कॉलेजने आपलेच पदवीधर आपल्याच ऑफिसात प्रशिक्षणाला घेतले, त्यांच्याकडून प्लेसमेंटची यादी टाईप करून घेतली आणि त्याच यादीत त्यांना बसवलं. नमुन्यात 'पे पॅकेज' असा रकाना आहे. तिथे पोराने स्वतःच्या नावापुढे 'वार्षिक १.२० लाख' लिहिलं होतं. 'अरे, योजना अकरा महिन्यांची ना?' आम्ही विचारलं. तो म्हणाला, 'सर, वार्षिक विचारलंय. वर्ष बारा महिन्यांचंच असतं.' गणितात चूक काढायला जागा नव्हती. पुढच्या महिन्यात त्याचे अकरा महिने भरतात. अहवाल बंगळूरला पोचेल तेव्हा सत्तावीस नंबर टपरीवर असेल.

आता उरलेल्यांकडे येऊ.

उच्च शिक्षणाचा रकाना सगळ्यात भरगच्च आहे. त्यातली निम्मी मुलं भरतीत नापास झाली म्हणून एम.ए. इतिहासाला बसली आहेत. प्रवेश असला की पासाने एसटीचा प्रवास होतो, शिष्यवृत्ती चालू राहते आणि घरी 'पोरगा शिकतोय' म्हणून सांगता येतं. मुलींचं कारण वेगळं. 'स्थळ येईपर्यंत बसून काय करायचं,' म्हणून एम.ए. भाग एकचा फॉर्म भरतात. भाग दोनच्या आत स्थळ येतंच. मग प्रगतीच्या रकान्यातून मुलगी जी गायब होते ती थेट लग्नाच्या अल्बमात सापडते.

एका मुलीचं नाव मात्र कुठल्याच रकान्यात बसेना. तीन वर्षं कॉलेजात पहिली. लग्न होऊन शेजारच्या जिल्ह्यात गेली आणि तिथे सरकारच्या उमेद अभियानातल्या बचत गटांची सीआरपी, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, झाली. गटाच्या बैठका घेते, कर्जाची प्रकरणं बँकेत नेऊन मॅनेजरसमोर ठाण मांडून बसते, बायकांना सह्या शिकवते आणि हप्त्यांचा हिशेब तोंडपाठ सांगते. बी.कॉम.ला जे शिकवलं ते वापरणारी बहुधा ती एकटीच. पण तिला मिळतं ते मानधन, पगार नव्हे. त्यामुळे नियुक्तिपत्र नाही. पत्र नाही म्हणजे पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणजे मुलगी नाही. प्लेसमेंट सेलच्या सरांनी तिचं नाव खोडलं आणि ते हळहळले, 'हुशार होती हो. वाया गेली.'

स्वयंरोजगाराचं बरं असतं. तिथे पत्र स्वतःच स्वतःला द्यायचं. आमच्या बाजारपेठेत अमृततुल्य चहाची दुकानं इतकी झाली आहेत की गिऱ्हाईक आणि दुकानदार यांची संख्या लवकरच बरोबरीला येईल. प्रत्येक दुकान अहवालात 'खाद्यप्रक्रिया उद्योग' म्हणून गेलं आहे. तहसील कचेरीसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणारे आठ-दहा जण बसतात, ते 'माहिती तंत्रज्ञान क्षेत्र'. मायक्रो फायनान्सच्या वसुलीला फिरणारे 'बँकिंग'. साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालून दुसऱ्या ओळीत ज्यांचे गॉगल लावलेले फोटो असतात, ते 'सामाजिक नेतृत्व'. एकाचा ट्रॅक्टर रात्रीच नदीकडे जातो. त्याचं काय लिहावं यावर चर्चा झाली आणि 'बांधकाम साहित्य पुरवठा' यावर एकमत झालं.

आणि ज्यांनी काहीच केलं नाही, बापाच्या किराणा दुकानात किंवा शेतात फुकट राबतात, त्यांचं? सरांनी डोळे मिचकावले. केंद्र सरकारची जी श्रमशक्तीची पाहणी होते, तिच्या व्याख्येप्रमाणे घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणाराही रोजगारातच धरतात. चालू आठवड्याचा हिशेब काढताना तर सात दिवसांत कुठल्याही दिवशी तासभर काम केलेलं पुरतं. म्हणजे म्हशीखालचं शेण काढलं आणि वैरण टाकली की तास भरला. दिल्लीला जे चालतं ते तालुक्याला का चालू नये? एवढी सवलत देऊनही २०२२-२३ च्या पाहणीत देशातल्या पदवीधरांचा बेरोजगारीचा दर १३ टक्क्यांच्या वर निघाला. त्यांनी आमच्या सरांना बोलवायला हवं होतं.

आता मुख्य पीक. स्पर्धा परीक्षा.

५.२.३ चा रकाना विचारतो, पास किती झाले. हा प्रश्नच खेड्यापाड्याची माहिती नसलेल्या माणसाने काढलेला आहे. आमच्याकडे पास होणं हा अपघात, तयारी हा व्यवसाय. त्याला वय आहे, ज्येष्ठता आहे, पोशाख आहे, पत्ता आहे. ऐपत असेल तर पुण्यात सदाशिव पेठेत, नसेल तर संभाजीनगरला औरंगपुऱ्यात, तीही नसेल तर तालुक्यालाच अभ्यासिकेत. लग्नाच्या बाजारात 'तयारी करतोय' ला पहिली दोन वर्षं भाव असतो. तिसऱ्या वर्षी मुलीचा मामा विचारतो, 'शेती किती आहे?'

या व्यवसायाची उलाढाल पाहा. २०२३ ची तलाठी भरती: जागा ४,६४४, अर्ज १० लाखांवर. शुल्क खुल्या गटाला १,००० रुपये, राखीव गटाला ९००. गुणाकार वाचकांनी घरी करावा. एकही तलाठी नेमण्याआधीच एवढा महसूल दुसऱ्या कुठल्या खात्याने गोळा केला असेल असं वाटत नाही. २०२४ ची पोलीस भरती: जागा १७,४७१, अर्ज १७ लाखांहून जास्त. एका खुर्चीमागे शंभर पोरं. त्यांत इंजिनिअर होते, एमबीए होते. ऐन पावसाळ्यात मैदानी चाचण्या लागल्या आणि १६०० मीटर चिखलातून पळायची वेळ आली. पोरं पळाली. पदवीला तीन वर्षं जे बाकावरून हलले नव्हते तेही पळाले. अर्थशास्त्र कळायला गोळाफेक लागते, हे आम्हाला त्या दिवशी समजलं.

आमच्या कॉलेजचा सगळ्यात यशस्वी माजी विद्यार्थी याच पिकातला. सहा वर्षं त्याने राज्यसेवा, पीएसआय, तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक असं सगळं दिलं. दोनदा पूर्व निघाली, एकदा मुख्य दीड मार्काने गेली. लोकसेवा आयोगाने वर्णनात्मक पद्धत आणायचं ठरवलं, तिच्याविरुद्ध पुण्यात २०२३ साली आंदोलन झालं, त्यातही तो होता. पद्धत पुढे ढकलली गेली तेव्हा पेढे वाटले आणि परत नापास झाला. शेवटी गावी आला, बापाच्या नावावरचा गाळा घेतला आणि त्यात अभ्यासिका टाकली.

आम्ही पाहून आलो. दारात चपलांचा ढीग. आत प्लायवूडचे कप्पे, एकाला एक लागून, प्रत्येकात एक खुर्ची, एक चार्जिंगचा पॉइंट, एक एलईडी पट्टी. कप्प्याच्या भिंतीवर मालकाचं नाव नसतं, पदाचं असतं: कुणी स्केचपेनने 'पीएसआय' लिहिलंय, कुणी 'डीवायएसपी', एका सावध मुलाने 'लिपिक (किमान)'. नियमांचा कागद डकवलाय: मोबाईल सायलेंट, कुजबुज बंद, डबा बाहेर, फी पाच तारखेच्या आत. मालक काउंटरवर चालू घडामोडींचे अंक विकतो. संध्याकाळी तासभर राज्यघटना शिकवतो आणि काय सुंदर शिकवतो! मूलभूत हक्कांवर तो बोलत असताना पोरं खाली मान घालून लिहून घेत होती. ज्या विषयांनी त्याला सहा वर्षं पाडलं ते आता त्याचं घर चालवतात. शेजारी त्याच्या भावाची मेस आहे, समोर मेहुण्याचं झेरॉक्स. भरतीची जाहिरात आली नाही तर तिघांच्या घरची चूल बंद पडेल. जाहिरात येऊन निकाल झटपट लागला तरी पडेल. सुदैवाने शासन दोन्ही टोकं सांभाळून आहे.

अहवालात त्याची नोंद 'उद्योजक, शिक्षण क्षेत्र'. ही एक नोंद मात्र आम्ही वजनदार मराठीत न लिहिता तशीच ठेवली, कारण ती खरी आहे.

उरले ते वाळूज, रांजणगाव, चाकणला. ठेकेदाराच्या गाडीतून गेले, सात महिने लाईनवर उभे राहिले, ब्रेक मिळाला, गावी येऊन गणपती केले, परत गेले दुसऱ्या ठेकेदाराकडून. त्यांचं नियुक्तिपत्र ठेकेदाराच्या खिशात असतं. क्लार्कने फोन लावला की मागून यंत्राचा आवाज येतो आणि पोरगा ओरडतो, 'साहेब, शिफ्टवर आहे, काय असेल ते लिहा!' तेवढ्यावर 'ऑटोमोबाईल क्षेत्र' लिहिलं जातं. शंका विचारायची नाही. ती आंध्रातल्या विद्यापीठाची भानगड झाल्यापासून तर सगळेच जपून असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रेडसाठी लाच घेतल्याच्या प्रकरणात नॅकच्या तपासणी समितीचे अध्यक्ष आणि सदस्य सीबीआयने पकडले, तेव्हापासून आमच्या कॉलेजात 'पाहुणचार' हा खर्चाचा शीर्ष 'किरकोळ' मध्ये गेला आहे. आमच्याकडे तसं देण्यासारखं काही नव्हतंच. मागच्या फेरीला शाल, नारळ आणि फेटा झाला होता. ग्रेडही त्या मानाने मिळाली.

महाराष्ट्रात अशी-तशी मिळून ४,६९२ कॉलेजं, असं २०२१-२२ च्या केंद्रीय पाहणीत म्हटलं आहे. उत्तर प्रदेशाखालोखाल देशात आपलाच नंबर. आमचं त्यांतलं एक. मुलांना नोकरी लागत नाही म्हणून आमच्याकडच्या कुणी कॉलेजला कधी जाब विचारल्याचं आठवत नाही. कॉलेज काढणाऱ्या साहेबांनी तसं आश्वासन दिलंच नव्हतं. ते कॉलेज देतो म्हणाले, दिलं. त्यात आपल्या दोन भाच्यांना आणि एका सुनेला कायमची नोकरी लावली. ती प्लेसमेंट अस्सल होती, पण ती ५.२.१ मध्ये धरत नाहीत.

तेव्हा आमच्या कॉलेजातून मागच्या वर्षी पास झालेल्या सर्वांना जाहीर विनंती. ग्रुपवर टाकलेली लिंक अजून चाळीस जणांनी भरलेली नाही. 'सध्या काय करता' या प्रश्नापुढे 'देवाची कृपा' लिहू नये, सिस्टीम घेत नाही. ज्यांना पत्र मिळण्यासारखं आहे त्यांनी ते लेटरहेडवर आणावं, शिक्का गोल असावा. ज्यांच्याकडे लेटरहेड नाही त्यांनी दुकानासमोर, म्हशीसमोर किंवा कप्प्यात बसून काढलेला फोटो पाठवला तरी चालेल. पगाराचा रकाना कोरा सोडा. तो आम्ही भरतो.